मत मांडावे नेटके

सिनेमा पाहणे सोपे आहे. तिकीट काढावे, अंधारात बसावे, दिवे लागले की बाहेर यावे. खरी कसोटी त्यानंतर लागते. गाडी पार्किंगच्या चढावरून रस्त्याला लागेपर्यंत मत तयार नसेल, तर घरात, सोसायटीत आणि ऑफिसात डबा खाताना माणसाची पत जाते. ती परत मिळवायला पुढच्या शुक्रवारची वाट पाहावी लागते. जाणकार प्रेक्षक म्हणून नाव कमावू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी पुढील मार्गदर्शन आहे. अशा होतकरूला येथे सोयीसाठी ‘उमेदवार’ म्हटले आहे.

मत असायला सिनेमा पाहिलेला असावा लागतो, हा गैरसमज उमेदवाराने आधी डोक्यातून काढावा. ट्रेलरवर बनवलेले मत सगळ्यात टिकाऊ, कारण ते खोडून काढायला सिनेमा अजून आलेलाच नसतो. याचा वस्तुपाठ ‘छावा’ने घालून दिला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रेलर आला, त्यात विकी कौशलने साकारलेले संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्रात सरळ दोन तट पडले. एक म्हणे, छत्रपती असे नाचतील का? दुसरा म्हणे, लेझीम आपल्या मातीतली, त्यात गैर काय? दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरे यांना जाऊन भेटले आणि ते दृश्य काढून टाकणार असल्याचे त्यांनी जाहीर केले. १४ फेब्रुवारीला सिनेमा लागला तो लेझीम वगळून. म्हणजे ज्या दृश्यावर अवघे राज्य महिनाभर बोलले, ते पडद्यावर नव्हतेच. इतके निर्भेळ मत उमेदवाराच्या वाट्याला रोज येत नाही. सोबत ‘शिवाजी सावंतांची कादंबरी घरात आहे’ एवढे म्हणून ठेवावे. वाचली आहे का, असे विचारण्याचा आगाऊपणा सभ्य मंडळी करत नाहीत.

ऐतिहासिक चित्रपटांसाठी एरवीही थोडा गृहपाठ लागतो. दिग्पाल लांजेकर यांनी ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), ‘सुभेदार’ (२०२३) अशी रांगच लावली. चिन्मय मांडलेकर शिवराय आणि मृणाल कुलकर्णी जिजाऊ, हे गणित पक्के. घोटाळा इतरांचा होतो. अजय पुरकर फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजीप्रभू म्हणून खिंड लढवतात आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तानाजी म्हणून कोंढाणा चढतात. अंकित मोहन एकदा कोंडाजी फर्जंद असतो, एकदा येसाजी कंक, एकदा रायाजी बांदल. ‘बाबा, हे काका मागच्या सिनेमात गेले ना?’ असे शेजारच्या खुर्चीतून शाळकरी पोराने विचारले, तर उमेदवाराने त्याच्या हातात पॉपकॉर्नचा पुडा द्यावा. मग आवाज किंचित उतरवून, मागच्या रांगेला ऐकू जाईल इतपत म्हणावे, ‘‘पावनखिंडचं आधीचं नाव जंगजौहर होतं.’’ ही माहिती खरी आहे आणि तिचा कुणाला काही उपयोग नाही. जाणकाराला असलीच माहिती शोभते.

अगदीच काही सुचले नाही तर ‘व्हीएफएक्स जरा कमी पडले’ आहेच. हे वाक्य सुस्कारा टाकून म्हणायचे असते. लगेच ‘आपल्याकडे बजेट नसतं हो’ जोडले की टीकाही होते आणि अभिमानही राहतो.

लांबीबद्दलचे मत ठरलेले आहे: वीस मिनिटे कापायला हवी होती. ‘धुरंधर’ साडेतीन तासांहून अधिक चालतो, त्यातली वीस. परेश मोकाशींची ‘वाळवी’ दोन तासांच्या आत आटोपते, त्यातलीही वीसच. कुठली वीस, हे सांगत बसू नये. मध्यंतरात मात्र तोंड उघडायचे नाही. समोशाच्या रांगेत कुणी ‘कसा वाटतोय?’ विचारलेच, तर ‘‘बघू, सेकंड हाफमध्ये काय करतात’’ एवढेच. त्या रांगेत एकमत होण्यासारखा एकच विषय असतो, तो म्हणजे पॉपकॉर्नची किंमत. २०१८ मध्ये हा प्रश्न विधिमंडळापर्यंत पोहोचला होता आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येतील, असे आश्वासन मंत्र्यांनी दिले होते. पिशवीत चिवडा घेऊन जाणाऱ्याला दारावरचा सुरक्षारक्षक आजही अडवतो, यावरून त्या आश्वासनाचे काय झाले ते कळावे.

आता ‘मूळ’ या विषयाकडे वळू. कुठल्याही सिनेमाच्या मागे एक मूळ असते आणि ते जास्त चांगले असते. रितेश देशमुखचा ‘वेड’ (डिसेंबर २०२२) लोकांनी डोक्यावर घेतला, तेव्हा ‘मूळचा मजिली बघ’ म्हणणाऱ्याचे वजन लगोलग वाढले. मजिली तेलुगू आहे. समोरच्याला तेलुगू येत नाही याची खात्री आधी करावी, हैदराबादेत नोकरी केलेला एखादा भाचा निघाला तर पंचाईत होते. ‘सैराट’च्या बाबतीत मूळ आपल्याकडेच असल्याने काम सोपे: ‘धडक’ हिंदीत आला त्या दिवशी, जुलै २०१८ मध्ये, एकही तिकीट न काढता राज्यभरातल्या जाणकारांनी तो निकालात काढला. त्याहून वरच्या पायरीवर जायचे असेल तर कन्नड ‘मनसु मल्लिगे’चे नाव घ्यावे. त्यात खुद्द रिंकू राजगुरूच नायिका होती, हे ऐकल्यावर समोरच्याला पुढे बोलायला काही उरत नाही.

सगळ्यात भक्कम मूळ आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’चे. १९५३ चा चित्रपट, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक. सुजय डहाके यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल. दिवाळीचे दिवस होते, त्याच आठवड्यात सलमान खानचा ‘टायगर ३’ आला. जाणकारांनी काय केले? अत्र्यांच्या चित्रपटाची सर कशालाच नाही, असे ठामपणे सांगितले आणि पोरांच्या आग्रहाला मान देऊन ‘टायगर’ला गेले.

दिलीप प्रभावळकर यांच्यासारखा नट असला की मूळ शोधावे लागत नाही, तिथे आठवणी पुरतात. सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ १२ सप्टेंबर २०२५ ला लागला. वयाची एक्याऐंशी वर्षे पूर्ण केलेला हा माणूस दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री उभा करतो, तोंडाला रंग लावतो, जंगलात धावतो. अशा वेळी जाणकाराने पडद्याकडे फार पाहू नये, नाहीतर डोळ्यांत पाणी येऊन सगळा रुबाब उतरतो. त्याऐवजी चिमणराव, ‘चौकट राजा’, तात्या विंचू आणि टिपऱ्यांचे आबा अशी यादी सुरू करावी. डोंबिवलीत किंवा परळला असाल तर जरा जपून. तिथे प्रत्येक रांगेत एखादा सावंतवाडीचा किंवा कुडाळचा बसलेला असतो, आणि त्याच्या मते पडद्यावर बोलतात ती मालवणी नव्हेच. ‘‘आमच्या गावात असा कोण बोलत नाय’’ हे त्याचे वाक्य उमेदवाराने मुकाट ऐकून घ्यावे. पुढच्या वेळी कोल्हापूरकडचा सिनेमा पाहताना ते आपलेच म्हणून वापरता येते. ‘कांतारा’शी तुलना मात्र करू नये. ती सगळ्यांनी करून झाली.

त्याच १२ सप्टेंबरला ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हेही लागले. एका शुक्रवारी तीन मराठी सिनेमे! उमेदवाराने अशी तारीख वाया घालवू नये. ‘एकाच दिवशी तीन-तीन? आपलीच माणसं आपले पाय ओढतात’ हे वाक्य त्या दिवशी बाजारभावाने चालते. त्याच वर्षी १ मे रोजीही ते चालले होते, तेव्हा ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय’ समोरासमोर होते. वाक्य म्हणून झाल्यावर तिन्हीपैकी एकाचे तरी तिकीट काढावे, असे शास्त्र सांगत नाही.

तिकीट न काढण्याचे कारण विचारलेच, तर वेळेवर बोट ठेवावे. ही तक्रार खोटी नाही, म्हणूनच इतकी सोयीची आहे. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात मराठी सिनेमा दाखवायला सांगितले. शोभा डे यांनी त्यावर ट्वीट केले, शिवसैनिक वडापाव आणि मिसळ घेऊन त्यांच्या दारात गेले, हक्कभंगापर्यंत गोष्ट ताणली. या गदारोळात सहा ते नऊची दुपारी बारा ते रात्री नऊ कधी झाली, ते फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. दुपारी बारा ते संध्याकाळी सहा कुणाला वेळ असतो? निवृत्तांना, कॉलेजला दांडी मारणाऱ्यांना आणि सिनेमा खरोखरच आवडणाऱ्यांना. उमेदवार या तिन्हीत बसत नाही.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ची गोष्ट याच पठडीतली. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार या सिनेमाने घेतला. मराठी सिनेमाला तोवर तिथे असे यश मिळाले नव्हते. त्या आठवड्यात ‘अभिमान’ हा शब्द कमी पडला. १९ सप्टेंबरला तो इथल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा अभिमानी मंडळी गणपतीनंतरचा थकवा काढत होती. ‘‘असे सिनेमे आपल्याकडे लागतच नाहीत,’’ हे वाक्य चित्रपटगृहाच्या समोरच्या चहाच्या टपरीवर म्हणता येते. वर लावलेल्या पोस्टरकडे पाठ असली म्हणजे झाले.

इथवरचे शिक्षण नीट झाले असेल, तर उमेदवाराला २०२३ च्या जुलैची हकीकत सांगायला हरकत नाही. ती थोडी क्लेशकारक आहे. त्या महिन्यात जाणकार मंडळी ‘ओपनहायमर’च्या तयारीत गुंतली होती. सिनेमा २१ जुलैला यायचा होता. ७० मिमी आयमॅक्स फिल्म दाखवणारा प्रोजेक्टर भारतात नसल्याने खरा ‘ओपनहायमर’ इथे पाहताच येणार नाही, यावर एकमत झाले होते. नेमक्या त्याच वेळी घरातल्या सासूबाई, त्यांची भिशी आणि वरच्या मजल्यावरच्या काकू केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ पाहायला निघाल्या होत्या. ३० जूनला तो लागला होता. एकमेकींशी धड न बोलणाऱ्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढीच गोष्ट. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब. यात हिरो नाही, हाणामारी नाही, आयमॅक्सचा तर प्रश्नच नाही.

या बायकांनी एकही नियम पाळला नाही. ट्रेलरवर मत दिले नाही, मूळ विचारले नाही, दुपारच्या खेळालाही तक्रार न करता गेल्या. नऊवारी नेसून, नथ घालून, डोळ्यांवर गॉगल चढवून त्या घोळक्याने मल्टिप्लेक्सच्या सरकत्या जिन्यावरून वर जात, पदर जिन्यात अडकू नये म्हणून एकमेकींना सांभाळत. सिनेमा संपल्यावर पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत फेर धरला जाई. सफाईला आलेला पोरगा झाडू हातात धरून कडेला उभा राही. घरी आल्यावर जावयाने विचारावे, ‘‘कसा वाटला, आई? पटकथा वगैरे?’’ तर उत्तर यायचे, ‘‘मस्त! मंगळवारी पुन्हा जाणारोत, काकूंच्या बहिणी यायच्यात.’’ या उत्तरात मताचा मागमूस नाही. असल्या बेशिस्तीने त्या सिनेमाची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्याहून जास्त झाली.

अशा प्रसंगी उमेदवाराने खचू नये. आधी ‘टीव्ही मालिकेसारखा आहे’ म्हणावे. कमाईचे आकडे वाढू लागले की हळूच आकड्यांवर सरकावे. आकड्यांचे धोरण लक्षात ठेवायला सोपे आहे. हिंदी सिनेमाने शंभर कोटी केले तर पैसा म्हणजे दर्जा नव्हे. ‘सैराट’ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला तर आकडे खोटे बोलत नाहीत. कमाई करासकट की कर वगळून, हे कुणी विचारू लागले तर फोन आल्यासारखे करून बाल्कनीत जावे.

उमेदवाराची शेवटची परीक्षा पुरस्कारांच्या दिवशी होते. १ ऑगस्ट २०२५ ला ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’, म्हणजे दिवाळीत पोरांसाठी सोडला तोच. पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना. हा सिनेमा फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, ऑक्टोबरात इथे लागला आणि कधी उतरला ते जाणकारांना कळलेही नाही. पण मत द्यायला उशीर असा कधी होत नसतो. बातमी येताच पाच मिनिटांत ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ एवढे सोसायटीच्या ग्रुपवर टाकावे, पाठोपाठ ‘मराठी प्रेक्षक थिएटरात जातच नाही हो’ ही खंत. मग रात्री जेवताना, आमटी वाढून घेता घेता, आत्मपॅम्फ्लेट कुठल्या ओटीटीवर आहे ते सहज विचारल्यासारखे विचारावे. सासूबाई सांगतील. त्यांनी तो लागला त्याच आठवड्यात पाहिलेला असतो, वरच्या काकूंबरोबर, दुपारच्या खेळाला.