कितवा चालू आहे?

‘सध्या काय वाचताय?’ असं शहरात विचारलं की समोरून जाड कादंबरीच्या मुखपृष्ठाचा फोटो येतो. शेजारी कॉफीचा मग, आणि खुणेची पट्टी बाराव्या पानावर. तीन महिन्यांनी पुन्हा विचारा, मग बदललेला असतो, पान तेच.

शेगावात प्रश्नच वेगळा: ‘कितवा चालू आहे?’ पुस्तकाचं नाव कोणी विचारत नाही. ते ठरलेलंच: गजानन महाराजांचं ओवीबद्ध चरित्र, दासगणू महाराजांचा ‘श्री गजानन विजय’, 21 अध्याय. मंदिरात पारायणाला बसलेल्या आजी ओवीखाली बोट ठेवून ओठांतल्या ओठांत पुटपुटतात, ‘चौदावा’ म्हणतात आणि चष्मा सावरून पुन्हा मान खाली. कोणी एका बैठकीत संपवतं, कोणी तीन दिवसांत, कोणी सात. दासगणू आधी पोलीस खात्यात होते. वाचक मधूनच निसटत नाही, तो त्याचाच धाक असावा!

काहींचा वेग असा की अर्थ मागच्याच अध्यायात बसून राहतो, हेही खरं. समीक्षक याला वाचन म्हणणार नाहीत. न म्हणोत. त्यांनी परीक्षण लिहिलेली पुस्तकं तरी त्यांनी शेवटपर्यंत कुठं वाचलीत?

तेव्हा मंडळी, पुढचं मुखपृष्ठ स्टेटसवर टाकण्याआधी हातातलं संपवा. शेगावची कचोरी त्यानंतर.