बमरोलीचा डाइंगमास्तर

डाइंगमास्तर ही जमात चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखू येत नाही. सदऱ्याच्या खिशातून डोकावणारी नमुन्याच्या कापडाची चिंधी, अंगाला येणारा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा आंबूस वास, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे न पाहता त्याच्या शर्टाच्या रंगाकडे पाहून बोलण्याची सवय, एवढ्यावरून ती ताडावी लागते. सुरतेच्या दक्षिण अंगाला बमरोली व पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या भुसावळ-सुरत लोहमार्गाने खानदेशातली जी असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी या बाजूस उतरली, त्यांतली काही मागावर लागली, काही रंगखात्यात शिरली, आणि रंगखात्यात शिरलेल्यांपैकी ज्याला शाळेतले रसायनशास्त्र थोडेबहुत आठवत होते व बोलण्याचे अंग उपजत होते, तो यथावकाश मास्तर झाला.

त्याचे काम वरवर पाहता अशक्य कोटीतले आहे. पॉलिएस्टरचा धागा पाण्याशी फटकून असतो. कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के अंगात घेतो, तर हा जेमतेम 0.4 टक्के. त्यावर चढणारे डिस्पर्स रंगही त्याच वळणाचे; थंड पाण्यात विरघळण्यास सर्वथा नाखूष. आणि या दोन विरक्तांची सोयरीक जुळवायची ती पाण्याच्याच मध्यस्थीने!

एखाद्या नव्या पोराने भाबडेपणाने पाणी आणि रंग यांच्या वैराचे कारण विचारले, की मास्तरांना जो उमाळा येतो तो लॉट उतरेपर्यंत ओसरत नाही. “वैर कसले, भाऊ? वैर असते तर पाण्याने हात उगारला असता,” असा आरंभ करून ते थेट लग्नमंडपात शिरतात. मंडपात सगळे भाऊबंद. प्रत्येकाने जास्तीत जास्त चौघांशी हातमिळवणी करायची, ती सोडून पुन्हा दुसऱ्यांशी करायची, असा अखंड व्यवहार चालू. त्यात कोणाचाच आप्त नसलेला एक पाहुणा येऊन उभा राहतो. त्याला कोणी दुखवीत नाही, किंबहुना त्याच्याविषयी किंचित ओढही असते; परंतु त्याच्यापाशी धरण्याजोगा हात नाही, आणि आपला हात रिकामा ठेवणे तर कुळाला कमीपणा आणणारे. सबब त्याच्या सभोवती उभे असलेले आपापसांत हात गुंफून त्याच्याभोवती कडे करतात. कड्यातल्यांचे हात शाबूत राहतात. जाते ते स्वातंत्र्य, कारण वळावे, सरकावे, जोडीदार बदलावा, यांपैकी कशाचीच पूर्वीसारखी मुभा राहत नाही.

हेन्री फ्रँक आणि मार्जोरी इव्हान्स यांनी 1945 साली हाच प्रकार आकडेमोडीने मांडला व त्या कड्यांना हिमनगाची उपमा देण्यापर्यंत मजल मारली. पुढच्या संशोधकांनी ते बर्फाचे प्रकरण पुष्कळसे वितळवले. परंतु नेहमीच्या तपमानाला असा लहानसा परका सामावून घेताना पाण्याला बसणारा भुर्दंड मुख्यतः उष्णतेचा नसून मोकळेपणाचा असतो, हा मुद्दा कायम राहिला. दहा पाहुणे दहा ठिकाणी उभे राहिले तर दहा कडी लागतात. तेच दहा एका सतरंजीवर बसवले, तर एका कड्यात भागते आणि उरलेले भाऊबंद हिंडायला मोकळे. तेल एकत्र येते ते तेलाच्या आपुलकीपेक्षा पाण्याच्या सोयीमुळे. वॉल्टर कॉझमन यांनी 1959 मध्ये, देहातील प्रथिनांच्या घड्या टिकण्यामागेही बऱ्याच अंशी ही सोयच असावी, असे प्रतिपादन केले. मास्तरांनी कॉझमन वाचलेला नाही; पण पुतणीच्या लग्नात शेठ, ओडिया फोरमन, तेलुगू विणकर आणि रसायनांचा दलाल या, एकमेकांशी काय बोलावे हे न सुचणाऱ्या, चौघांना त्यांनी ज्या शिताफीने एकाच पंगतीच्या टोकाला बसवले, ती पाहता वाचण्याची गरजही नव्हती.

तथापि मास्तरांचे खरे कसब पाहुण्यांना गोळा करण्यात नसून त्यांना गोळा न होऊ देण्यात आहे. डिस्पर्सिंग एजंट नावाचा जो मुतालिक ते बाथमध्ये सोडतात, त्याचे एक अंग रंगाच्या कणाला बिलगते आणि दुसरे, सल्फोनेटचे, पाण्याशी सलगी राखते. त्यामुळे कण सुटे राहतात. मास्तर स्वतः याच कुळीचे. शेठपुढे त्यांची गुजराती मधाळ होते, आणि खात्यात परतताच अहिराणीत त्याच शेठचा असा काही उद्धार होतो की कामगारांचा ऊर भरून यावा. दोन्ही पक्षांना हा आपलाच माणूस वाटतो, आणि पगारवाढीचा तंटा वर्षानुवर्षे ना विरघळतो ना तळाशी बसतो. नुसता तरंगत राहतो.

उरलेले काम उष्णतेचे. जेट यंत्राचे झाकण लावून, दाबाखाली पाणी 130 अंशांपर्यंत नेतात. तेव्हा पाण्याच्या हातांची पकड सैल होते, रंग थोडा अधिक विरघळतो, आणि 80 अंशांच्या आसपास ढिल्या पडू लागलेल्या धाग्याच्या साखळ्यांमधून आत शिरून तिथला घरजावई होतो. पारा मिनिटाला अंश-दोन अंशांहून अधिक चढता कामा नये, असा मास्तरांचा सक्त हुकूम. घाई झाली की रंग कुठे गडद, कुठे फिका. जो रंग आत न जाता दाराशीच घुटमळतो, त्याला अखेरीस कॉस्टिक आणि हायड्रो घालून घालवावे लागते. हे वाक्य मास्तर नेहमी आपल्या मेहुण्याकडे पाहून उच्चारतात.

शेड जमली तर ती मास्तरांच्या हाताची, बिघडली तर पाण्याची, अशी रंगखात्यातली जुनी वहिवाट. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम रंगाचे कण एकत्र आणून डाग पाडू शकतात हे सत्य असल्यामुळे या सबबीला शास्त्राधारही होता. परंतु 2014 साली महानगरपालिकेने बमरोलीतच शहराच्या सांडपाण्याची तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्धी करून, ते सूक्ष्म पडद्यांतून गाळून, दररोज 4 कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवू शकेल असे केंद्र सुरू केले, आणि जडपणाची फिर्याद गुदरण्यास जागाच उरली नाही. मास्तर काही दिवस विमनस्क हिंडत होते. मग एका फसलेल्या लॉटचा ताका त्यांनी उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवला, आणि विणणाऱ्यांनी दोन निरनिराळ्या लॉटांचे सूत एकत्र मिसळल्याचा निवाडा भर खात्यात देऊन टाकला. विणकाम खात्याच्या मास्तरांनी तेव्हापासून त्यांच्या घरच्या लग्नांना येणे बंद केले आहे. आहेर मात्र अजून पाठवतात, तोही सुती.