मारुतीच्या वाट्याची पानं

सोसायटीत आपल्याला ‘फुलपाखरांचे काका’ म्हणावं, ही प्रस्तुत लेखकाची जुनी हौस. त्यासाठी नर्सरीतलं हळदीकुंकवाचं रोप हेरून ठेवलं होतं. त्याची लाल-पिवळी फुलं फोटोत उठून दिसतात, शेजारी उभा राहिला तर लेखकही. पण ते झाड मूळचं अमेरिकेतलं, आणि ‘देशीच लावा’ हा उपदेश व्हॉट्सॲपवर देऊन झालेला. मग आली रुई. जांभळट फुलांची, पान तोडलं की पांढरा चीक गाळणारी, एरवी रुळांच्या कडेला आपसूक वाढणारी.

‘‘हे रान कुंडीत कुणी लावलं?’’ सेक्रेटरींनी विचारलं.

बिबळ्या कडव्याला, म्हणजे प्लेन टायगरला, असले प्रश्न पडत नाहीत. मादी पानाखाली एकेक पांढरट अंडं चिकटवून जाते. अळीचं पहिलं जेवण अंड्याचं टरफल, नंतर पानं. काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईतलं विष ती अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं. पक्ष्यानं गिळलं तर ओकायची पाळी. त्यामुळे हे फुलपाखरू आमदाराच्या पुतण्यासारखं सावकाश, बिनधास्त फिरतं.

या रुबाबावर डोळा असतो डॅनेड एगफ्लायच्या मादीचा. तिच्या अंगात विष नाही. अळीपणी खाल्लं काय, तर घोळ! आपण डाळ घालून भाजी करतो, तीच. पण नारिंगी पंख, काळी टोकं, पांढरे ठिपके, सगळं हुबेहूब. खऱ्या कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात; सोंगाडीला एकच, तोही वरच्या कडेला. नर या भानगडीत पडत नाही. तो काळा, त्यावर पांढरे मोठे डाग. घोळीवर वाढून वाघाचा मान मिळवायचा, हे लेखकाला इतकं पटलं की भेटेल त्याला त्यानं हेच ऐकवलं. घोळ निवडत बसलेल्या बायकोलाही.

शनिवारी मात्र सोनेरी ठिपक्यांचा पोपटी कोष लटकलेलं पान जागेवर नव्हतं. मारुतीच्या माळेत गेलं होतं.

मारुतीबद्दल तक्रार नाही. चीड येते ती मागच्या मोकळ्या प्लॉटवरची रुई जेसीबीनं खरवडली याची. ती होती तोवर माळेलाही पुरत होती आणि अळ्यांनाही. आता देव आणि अळी, दोघांचा भार एका कुंडीवर.

तेव्हा येत्या शनिवारी पान तोडण्याआधी उलटून पाहा. खाली अंडं, अळी किंवा कोष दिसला तर शेजारचं घ्या. आणि चिकाचा हात डोळ्याला लावू नका.