छायाचित्रकाराचे वऱ्हाडगमन : जळगाव ते धुळे

लग्नाचे छायाचित्रण ही सर्वसाधारणपणे कलेची शाखा मानली जात असली, तरी खान्देशात पहिलेच लग्न टिपायला निघालेल्या माणसाच्या बाबतीत ती प्रामुख्याने प्रवासाची शाखा ठरते, कारण मुलगा जळगावचा आणि मुलगी धुळ्याची ही या प्रदेशातील सोयरिकीची नेहमीची मांडणी असून, छायाचित्रकाराला वऱ्हाडासोबत, वऱ्हाडाच्या बसने आणि वऱ्हाडाच्याच वेळापत्रकाने जावे लागते. ब्रिटिश प्रशासनाने १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी करून मुख्यालये अनुक्रमे जळगाव व धुळे येथे ठेवली. सोयरिकींनी मात्र ही वाटणी कधीच मनावर घेतली नाही, आणि म्हणूनच दोन्ही शहरांमधील सुमारे नव्वद किलोमीटरच्या महामार्गावर लग्नसराईत मालट्रकांच्या मधूनमधून वऱ्हाडाच्या बसगाड्या हॉर्न वाजवीत जाताना दिसतात.

प्रस्तुत लेखात ‘नवशिका’ म्हणून ज्याचा उल्लेख येईल तो कोणी एक इसम नसून एक वर्ग आहे. या वर्गातील माणसाने अजिंठ्याची लेणी, गिरणेच्या पात्रावरचा सूर्यास्त, केळीच्या पानावरचा दवबिंदू आणि शेजाऱ्यांचे मांजर यांची उत्तम छायाचित्रे काढलेली असतात, आणि ती पाहिलेल्या एखाद्या नातेवाइकाने ‘बाहेरचा कशाला, हा घरचाच आहे’ असा निर्णय परस्पर जाहीर केलेला असतो. घरचा असणे याचा व्यावहारिक अर्थ असा, की मानधनाचा विषय काढणे अवघड होते आणि कामाचा विषय टाळणे अशक्य होते.

जळगाव जिल्ह्याने या वर्गापुढे ठेवलेला आदर्शही काहीसा गैरसोयीचाच आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) हे आंतरराष्ट्रीय कीर्तीचे छायाचित्रकार आयुष्यातील कित्येक दशके आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, आणि तरीही त्यांनी ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणात, म्हणजे टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून आणि प्रकाश योजून त्यांतून अख्खा निसर्ग उभा करण्याच्या प्रकारात, असामान्य काम केले. त्यांची साधना कोणालाही नतमस्तक करील अशीच आहे; परंतु टेबलावर मांडलेल्या वस्तू पंगतीची हाक आली म्हणून उठून जात नाहीत, आणि त्यांपैकी एकीलाही दुसरीच्या शेजारी उभे राहण्यात कमीपणा वाटत नाही, हा फरक नवशिक्याच्या ध्यानात यायला हळदीची संध्याकाळ उजाडावी लागते.

हळदीच्या कार्यक्रमात पहिला धडा मिळतो तो ‘व्हाइट बॅलन्स’चा. पांढरी वस्तू पांढरीच दिसावी यासाठी कॅमेरा रंगांची जी दुरुस्ती करतो तिला हे नाव असून, ती त्याच्या स्वतःच्या मर्जीवर सोडली, तर चौकटभर पसरलेला पिवळा रंग ही प्रकाशाचीच खोड असावी असे समजून तो त्यात निळ्याची भर घालतो, आणि परिणामी नवरदेव हळद लागलेला न दिसता दीर्घ आजारातून नुकताच उठलेला दिसतो. त्यावर उपाय म्हणून फ्लॅश थेट चेहऱ्यावर न मारता वर छताकडे वळवावा, म्हणजे प्रकाश मऊ होऊन खाली येतो, असे पुस्तकांत सांगितलेले असते. ते खरेही आहे. मात्र त्या पुस्तकांतील छत पांढरे असते, तर दारातील मांडवाचे कापड हिरवे, लाल किंवा गुलाबी असते, आणि वर गेलेला प्रकाश त्या कापडाचा रंग सोबत घेऊनच परततो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुटणारी बस नऊला सुटते. या विलंबाचे कारण प्रत्येक लग्नात वेगळे सांगितले जात असले, तरी बहुतेक वेळा ते कोणत्या तरी मामांपाशी जाऊन पोहोचते. नवशिक्याला मागच्या चाकावरची जागा मिळते. मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, पायांत ट्रायपॉड म्हणजे तिपाई, आणि खांद्यावर शेजारच्या काकूंचे झोपलेले मूल. बांभोरीजवळ गिरणेचा पूल येतो, विद्यापीठाचा परिसर मागे पडतो, मग पाळधी, मग एरंडोल; पारोळ्याला भर वस्तीतला खंदकाचा भुईकोट किल्ला आहे, नेवाळकर जहागीरदारांच्या निमित्ताने त्याचे नाते झाशीशी सांगितले जाते, आणि त्याचे दर्शन घ्यावे असे नवशिक्याच्या फार मनात असते. प्रत्यक्षात बस थांबते ती किल्ल्यासाठी नव्हे, चहा आणि भज्यांसाठी, आणि वऱ्हाडाचा इतिहासाशी संबंध इतकाच येतो की या आधीच्या कोणत्या लग्नात कोणाला चहा मिळाला नव्हता याची उजळणी होते.

वास्तविक याच दोन-अडीच तासांत त्याचे संपूर्ण शिक्षण होऊ शकले असते. नवरदेवाचे थोरले काका कोणते, त्यांचे धाकट्यांशी सध्या बोलणे आहे की नाही, मामा सख्खे किती आणि मानलेले किती, आत्या म्हणजे अहिराणीतील फुई कोठे बसल्या आहेत आणि त्या कोणत्या कारणाने नाराज आहेत, ही सर्व माहिती बसमध्ये विनामूल्य आणि मोठ्या आवाजात उपलब्ध असते. नवशिका मात्र तेवढा वेळ मऊ फडक्याने लेन्स पुसत बसलेला असतो.

धुळे शहराची रचना बाहेरून येणाऱ्याच्या सोयीची आहे, असे निदान नकाशावरून वाटते. १८१८ नंतर खान्देशचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन ब्रिग्ज यांनी पांझरेकाठच्या या गावात सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली, आणि जुन्या शहरातील गल्ल्या आजही क्रमांकांनीच ओळखल्या जातात. तरीही बसचा चालक नवशिक्यासह संपूर्ण वऱ्हाडाला नदीपलीकडच्या देवपुरात एकदा नेऊन परत आणतो, कारण गल्लीचा क्रमांक पत्रिकेत असला तरी पत्रिका मामांच्या खिशात असते, आणि मामा दुसऱ्या गाडीत असतात.

मुहूर्त पत्रिकेवर मिनिटांसह छापलेला असतो, आणि मे महिन्यात तो दुपारचा असला तर छायाचित्रकाराची गाठ थेट खगोलशास्त्राशी पडते. धुळे आणि जळगाव ही दोन्ही शहरे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने, २५ मेच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. भूगोलाच्या शिक्षकांना हा दिवस आनंदाचा वाटतो. मारुतीचे दर्शन घेऊन घोड्यावरून येणाऱ्या नवरदेवाच्या फेट्याची आणि भुवयांची सावली मात्र याच वेळी त्याच्या डोळ्यांत उतरते, आणि छायाचित्रात डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी उरतात. त्यातच बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ४० अंश सेल्सिअसपर्यंतच काम करण्याची हमी दिलेली असते, यावरून त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांपैकी कोणाचीही सोयरीक खान्देशात झालेली नसावी असे अनुमान काढता येते. बँडचे तापमान मोजण्याची सोय नाही. नाचणाऱ्यांचा उत्साह पाऱ्याबरोबर चढतो, आणि छापील मुहूर्त त्यांच्या पायांखालून निघून जातो.

अंतरपाटाचा क्षण हा या विद्येचा कळस समजला जातो. वधूवरांच्या मध्ये धरलेले हे वस्त्र मंगलाष्टके संपताच दूर होते, बँड वाजू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी चारी बाजूंनी अक्षता येतात. शटरचा वेग, म्हणजे प्रकाश आत येऊ देणारा पडदा उघडा राहण्याचा काळ, सेकंदाचा साठावा भाग असेल तर अक्षतांच्या रेघा उमटतात आणि पाचशेवा भाग असेल तर दाणान्‌दाणा हवेत थांबलेला दिसतो, हे नवशिक्याला तोंडपाठ असते. परंतु कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस सर्वांत जवळच्या वस्तूवर लोभावतो, ही वस्तू म्हणजे लेन्सपुढून जाणारा तांदूळ असू शकतो, आणि त्याच्याही अलीकडे पंचवीस मोबाइल धरलेले हात आलेले असतात. शिवाय व्यासपीठावर मुलीकडचा छायाचित्रकार आधीपासूनच उत्तम जागा धरून उभा असतो. दोन पक्षांच्या दोन छायाचित्रकारांत असलेले संबंध युद्धाचे नसतात, पण तहही झालेला नसतो. दोघेही एकमेकांच्या चौकटीत येऊन एकमेकांची माफी मागत राहतात.

खरी परीक्षा त्यानंतरच्या समूहचित्रांची. खान्देशात वडीलधाऱ्या पुरुषाला नावाने हाक मारण्याची पद्धत नसून आबा, नाना, बापू, अप्पा, जिभाऊ यांपैकी एक संबोधन त्याच्या वाट्याला आलेले असते, आणि ते कोणते हे ठाऊक नसलेला नवशिका ‘नाना, जरा इकडे बघा’ असे म्हणतो, तेव्हा चौकटीतील तिघे, चौकटीबाहेरील दोघे आणि वाढप्यांपैकी एक त्याच्याकडे बघतात. ज्यांनी बघावे अशी अपेक्षा होती ते जिभाऊ निघाल्याने समोरच बघत राहतात. मागून ‘ओ फोटोवाला भाऊ, आठे ये’ अशी हाक येते, ‘आठे’ म्हणजे इकडे हे जळगावकराला समजतेच, आणि तिकडे गेल्यावर टोपी-टॉवेलाचा आहेर देणारी रांग उभी असते, जिच्यातील प्रत्येकाला देणारा हात, घेणारा हात आणि स्वतःचा चेहरा एकाच चौकटीत हवा असतो. ‘जेवी ले पहिले’ असा प्रेमळ आग्रह मध्येच येतो. तो नाकारला तर यजमानांचा अपमान होतो आणि स्वीकारला, तर वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीसमोर बसलेल्या नवशिक्याच्या पाठीमागे, त्याच्या अनुपस्थितीत, एखादा आमदार येऊन आशीर्वाद देऊन जातो.

याच धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले. मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रे माळ्यांवरून आणि बस्त्यांतून गोळा करीत ते हिंडले, भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरही त्यांनी लिहिले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ शहरात आजही आहे. अस्सल साधन कशाला म्हणावे याविषयी त्यांची दृष्टी करडी होती, आणि तीच लग्नाच्या अल्बमला लावली तर नवशिक्याची मोठी गैरसमजूत उघड होते. अंतरपाटातून झिरपणारा प्रकाश, मेंदीच्या हातावर टेकलेली एकच अक्षता, खिडकीतून बाहेर पाहणारी करवली, अशी जी चित्रे त्याने जीव ओतून काढलेली असतात ती निवडीच्या बैठकीत ‘छान आहे’ एवढ्या शब्दांवर बाजूला पडतात, आणि घरची मंडळी थेट आहेराच्या रांगेकडे वळतात, कारण कोण आले होते, कोणाच्या शेजारी उभे होते आणि काय देऊन गेले, याचा पुरावा तेथेच असतो आणि पुढच्या लग्नात त्याची परतफेड करायची असते. या बैठकीतील न्याय सौंदर्यशास्त्राचा नसून जमाखर्चाचा असतो, आणि मंडळींचे म्हणणे चूक आहे असे अजून कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

अडचण येते ती फुईची. शेकडो छायाचित्रे चाळूनही नवरदेवाची सख्खी फुई एकाही चित्रात सापडत नाही; बसमध्ये ती नवशिक्याच्या पुढच्याच बाकावर बसून आली होती, असेही यथावकाश निष्पन्न होते. मानधनाची उरलेली रक्कम त्याच क्षणी यजमानांच्या खिशात परत जाते. शेवटी धुळ्याच्या छायाचित्रकाराला फोन करावा लागतो, आणि त्याच्या मेमरी कार्डात फुईची अकरा चित्रे निघतात, सगळी समोरून, सगळी हसरी, कारण तिचे सासर धुळ्यातच असून तो तिला लहानपणापासून काकू म्हणत आलेला असतो.