संचिकेतील सर्वगुणसंपन्न विद्यार्थी

डिजिटल संचिका, म्हणजे विद्यार्थ्याचे वर्षभराचे लेखन, चित्रे, प्रकल्प आणि त्यांवर त्याने स्वतः केलेले चिंतन यांचा संगणकावर क्रमवार जपलेला संग्रह, ही कल्पना मुळात इतकी निर्मळ आहे की परिपत्रकात शिरल्यानंतरही ती काही काळ तग धरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने समग्र प्रगतिपत्रकाचा, अर्थात शिक्षकांच्या नोंदींसोबत स्वयंमूल्यमापन व सहाध्यायांचे मत सामावून घेणाऱ्या बहुआयामी अहवालाचा, पुरस्कार करताना संचिकेलाही स्थान दिले. महाराष्ट्रातील शिक्षकांना मात्र त्याचे नवल वाटले नाही, कारण 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राबवताना ‘वर्णनात्मक नोंदी’ नामक वाङ्मयप्रकार त्यांनी आत्मसात केला होता. हा प्रकार व्हॉट्सॲपच्या गटांतून संक्रमित होतो, त्यामुळे ‘परिसर स्वच्छतेबाबत जागरूक आहे’ हे वाक्य गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकाच शब्दकळेत आढळते आणि त्याचा कर्ता अद्याप अज्ञात आहे.

डिजिटल युगाने या परंपरेस छायाचित्राची जोड दिली. पोळ्याच्या सुमारास होणारे मातीकाम या दृष्टीने अभ्यसनीय ठरते: अख्ख्या वर्गात चार पायांवर उभा राहणारा बैल एकच निघतो, तो एकेकाच्या हाती देऊन फोटो काढले जातात, आणि अक्षांश, रेखांश व वेळ छापणाऱ्या जीपीएस कॅमेऱ्यामुळे प्रत्येक फोटो निर्विवाद पुरावा ठरतो, कशाचा, हे विचारणारा रकाना नमुन्यात नसतो. वास्तविक पाय का मोडला आणि दुसऱ्या खेपेस माती कशी मळली, हे दाखवण्यासाठीच तर संचिका असते, परंतु मोडका बैल अपलोड केल्यास वर्ग मागे असल्याचा समज होऊ शकतो.

स्वयंमूल्यमापनात विद्यार्थ्यास पूर्ण स्वातंत्र्य असते; लहान वर्गांत हसरा, सरळ की रडका यांपैकी कोणता चेहरा रंगवायचा, ते बाई फळ्यावर आधीच काढून देतात. (रडका चेहरा रंगवल्यास पालकसभेत त्याचे स्पष्टीकरण बाईंनाच द्यावे लागते, हेही न्याय्य दृष्टीने लक्षात घेतले पाहिजे.) घरच्या प्रकल्पांतून पालकांचे थर्माकोलवरील प्रभुत्व नोंदले जाते, ते वेगळेच.

माहिती भरण्याची मुदत संपत आली की पोर्टल दिवसभर गोल गोल फिरत राहते, म्हणून शिक्षक रात्री अकरानंतर स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या डेटावर, फोटो लहान करकरून चढवतात. त्या वेळी विद्यार्थी झोपलेला असल्याने त्याच्या कौशल्यांचे प्रदर्शन निर्वेध पार पडते.