कॅपकाका

वर्षातले आठ महिने या माणसाकडे सोसायटीत कोणी ढुंकूनही पाहत नाही. पाणीकपातीच्या मीटिंगमध्ये तो बोलायला उठला की सेक्रेटरी घाईघाईने पुढचा विषय काढतात. पण मे महिना सरत आला आणि सीईटीच्या निकालाची कुजबुज सुरू झाली, की हाच माणूस लिफ्टमध्ये शिरताना लोक बाजूला सरकतात. त्याच्या हातातली भाजीची पिशवी कोणीतरी आपणहून धरतं. ज्या घरांनी त्याला कधी पाणी विचारलं नाही, त्या घरांतून वाटीभर आमरस येतो. हा कॅपकाका. कॅप म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, आणि काका म्हणजे ती ज्याला समजते तो. पुण्यात दर सोसायटीला एक तरी असतोच. सोसायटी मोठी असली तर दोन असतात, आणि त्या दोघांचं पटत नाही.

कॅपकाका शक्यतो निवृत्त असतो. टेलिफोन, एसटी, विमा, कुठलंही खातं चालतं. शिक्षण खातं मात्र चालत नाही, कारण त्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस प्रवेशाचं नाव काढलं की उठून फिरायला जातो. आमचे कॅपकाका पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. नियम वाचायचा आणि मग नियमाखालची बारीक टीप वाचायची, ही सवय त्यांना तिथे लागली. ती त्यांच्या साहेबांना कधी आवडली नाही, पण आज अर्ध्या सोसायटीला तिचाच आधार आहे.

त्यांच्याकडे एक फाइल आहे. तीन वर्षांचे कटऑफ, पाठकोऱ्या कागदांवर छापलेले आणि तीन रंगांत अधोरेखित केलेले. त्यात ‘जीओपनएस’, ‘एलओपनएच’, ‘टीएफडब्ल्यूएस’ अशी अक्षरं रांगेने बसलेली असतात. आपल्याला ती एसटीच्या इंजिनाचे नंबर वाटतात. काका चष्मा न लावता सांगतात, ‘‘एलओपनएच म्हणजे मुलींची, खुल्या प्रवर्गातली, होम युनिव्हर्सिटीची जागा. टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफ. पाच टक्के जागा असतात, त्यामुळे तिथला कटऑफ पाहून पोराला रागावू नका.’’ डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता यांचे नमुने फाइलच्या शेवटच्या कप्प्यात असतात. दाखला अजून काढलेला नाही असं कोणी ऑगस्टमध्ये सांगितलं, की काका त्या माणसाकडे डॉक्टरनं पाहावं तसं पाहतात आणि म्हणतात, ‘‘बसा.’’

आता लोक काकांकडे सल्ला मागायला येतात असा तुमचा समज झाला असेल, तर तो काढून टाका. लोक निर्णय खिशात घालूनच येतात. काकांकडून त्यांना फक्त शिक्का हवा असतो.

बी-विंगमधल्या वहिनी आल्या त्या पोह्यांचा डबा घेऊन.

‘‘काका, अथर्वला सीईटीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले!’’

‘‘वहिनी, टक्के नव्हे. पर्सेंटाइल.’’

‘‘तेच ते.’’

‘‘तेच ते नाही. पीसीएमला तीन-चार लाख पोरं बसतात. ८८ पर्सेंटाइल म्हणजे त्यातली बारा टक्के आपल्या पुढे. कमी धरली तरी छत्तीस हजार. ही छत्तीस हजार पोरं स्वारगेटला रांगेत उभी केली, तर रांग खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत जाईल.’’

‘‘आणि अथर्व?’’

‘‘अथर्व टोलनाक्यावर.’’

वहिनींचा चेहरा उतरला. अथर्व मोबाइलमध्ये होता, त्याचा उतरला नाही. मग पोह्यांच्या डब्याखालून एक गुळगुळीत ब्रोशर बाहेर आलं. दिरांच्या ओळखीचं कॉलेज. लहान आहे, खासगी आहे, पण सगळे कोर्स ‘करिअर-ओरिएंटेड’ आहेत. एआय आहे, रोबोटिक्स आहे, सायबर सिक्युरिटी आहे. मुखपृष्ठावर एक मुलगी लॅपटॉपकडे पाहून हसत होती. ‘‘इतका आनंद लॅपटॉपमध्ये कसला असतो?’’ एवढंच काका म्हणाले आणि पान उलटलं.

लहान खासगी कॉलेज हा शब्द निघाला, की काकांचं कीर्तन सुरू होतं. पूर्वरंग १९८३ पासून. त्याआधी इथली पोरं देणग्या भरून कर्नाटकात इंजिनिअर व्हायला जायची. आपलाच पैसा सीमेपलीकडे जातो म्हणून वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, आणि बघता बघता ज्यांचे कारखाने होते त्यांची कॉलेजंही झाली. १९८७ साली कॅपिटेशन फीवर कायद्यानं बंदी आली. ‘‘बंदी आली,’’ काका म्हणतात, ‘‘म्हणजे काय झालं, की देणगी मागणारा माणूस आवाज खाली आणून बोलायला लागला.’’ २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आलं. आता कुठल्या कॉलेजनं कुठल्या कोर्सला किती फी घ्यायची ते ठरवून जाहीर होतं. काकांचा सगळा उपदेश एका वाक्यात मावतो: ज्याची पावती नाही, ते भरायचं नाही. हे वाक्य ऐकून सगळे मान डोलावतात, आणि घरी जाऊन एफडी मोडायची तयारी करतात.

शेवटी कॉलेज बघायला जायचं ठरलं. काकांना पुढची सीट, अथर्व, त्याचे आईबाबा मागे आणि गाडी माझी, म्हणून मीही.

कॉलेज हायवेपासून सात किलोमीटर आत, उसात. गेटवर फ्लेक्स होता: ‘१००% प्लेसमेंट असिस्टन्स’. काकांनी गाडी थांबवायला लावली. ‘‘नीट वाचा. शंभर टक्के असिस्टन्स आहे. प्लेसमेंट किती, ते लिहिलेलं नाही.’’

आत एसी, कॉफी आणि काउन्सेलर मॅडम. मॅडम गोड बोलत होत्या. ‘‘सर, आपल्याकडे हायेस्ट पॅकेज बावीस लाखांचं गेलं.’’

‘‘छान. मीडियन किती?’’

‘‘सर, हायेस्ट बावीस.’’

‘‘ते एका पोराचं. तो पोरगा पास होऊन गेला, त्याचं काही आता आपल्याला मिळत नाही. सगळी पोरं पगाराप्रमाणे ओळीत उभी केली, तर मधल्या पोराला किती?’’

मॅडमनी आणखी एक कॉफी मागवली.

भिंतीवर नॅकची ग्रेड फ्रेम करून लावली होती. अथर्वच्या बाबांनी ती दाखवली. काका म्हणाले, ‘‘नॅकचं मानांकन अख्ख्या कॉलेजला असतं. एनबीएचं एकेका कोर्सला. दाराला तोरण आहे हे दिसलं, आपल्याला ज्या खोलीत राहायचंय तिला छप्पर आहे का ते विचारा.’’ विचारलं. छप्पर ‘प्रोसेसमध्ये’ होतं.

मॅडम आम्हाला ऑडिटोरियम दाखवायला निघाल्या. ते संपेपर्यंत काका गायब. शोधत गेलो तर रोबोटिक्सच्या लॅबमध्ये. रोबोटचा हात टेबलावर होता, अजून बबल रॅपमध्ये. काकांनी रॅपवर बोट फिरवलं आणि ते बोट अथर्वला दाखवलं. बोट राखाडी झालं होतं. अथर्वनं दिवसात पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर केली. बाजूला लॅबचे शिपाई उभे होते. काका त्यांच्याशी असे बोलत होते, जणू दोघं एकाच गावचे.

‘‘मामा, किती वर्षं झाली इथं?’’

‘‘नऊ.’’

‘‘पगार वेळेवर होतो का?’’

मामांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘दिवाळीला झाला होता.’’

जुलै चालू होता. काकांनी डायरीत एक ओळ लिहिली. परत येताना त्यांनी ती ओळ उलगडून सांगितली: शिपायाचा पगार थकतो तिथे मास्तरांचाही थकतो. मास्तर दुसरीकडे नोकरी शोधतो. मग गेल्या वर्षी पास झालेला पोरगा या वर्षी पोरांना शिकवायला येतो. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानं कॉलेजांना वेबसाइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ टाकावं लागतं, त्यात शिक्षकांची यादी असते. काका दरवर्षी ती यादी काढतात आणि मागच्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहतात. किती नावं तीच राहिली, यावर त्यांचा भरवसा ठरतो. इमारतीवर नाही.

दुसरं कॉलेज काकांच्या पसंतीचं. तेही लहान, तेही खासगी. पत्र्याचा सायकल स्टँड, फ्लेक्स नाही. काउन्सेलरही नाही. एक सर हातातलं ऑइल पुसत बाहेर आले, कारण ते लेथवर होते. वर्कशॉपमध्ये सहा पोरं एका कन्व्हेअरच्या सेन्सरवर झटापट करत होती, आणि सर त्यांना नावानं हाक मारून शिव्या देत होते. जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे पोरं इंटर्नशिपला जातात, त्यांची यादी भिंतीवर पेनानं लिहिलेली होती. त्यातली दोन नावं खोडलेली होती. ‘‘खोडलेली का?’’ काकांनी विचारलं. ‘‘तिथं पोरांना नुसती झाडलोट करायला लावत होते, म्हणून बंद केलं,’’ सर म्हणाले. काकांचा चेहरा खुलला. गाडीत बसताना म्हणाले, ‘‘लहान कॉलेज आणि रिकामं कॉलेज यात फरक असतो. ते पहिलं रिकामं आहे. हे लहान आहे.’’

वहिनींचं मत वेगळं होतं. ‘‘कॅन्टीन कसंतरीच आहे हो. आणि नाव सांगितलं तर लोक म्हणतील, ‘हे कुठे आलं?’’’

नाव हा मोठा नाजूक मामला आहे, कॉलेजचं आणि कोर्सचंही. काका एकदा तीन करिअरवाल्या कोर्सचे सिलॅबस शेजारी शेजारी पसरून बसले होते. पहिलं वर्ष बहुतेक सारखं, दुसऱ्या वर्षी दोन-तीन विषय इकडचे तिकडे, आणि फरक काय तो मुख्यतः ब्रोशरच्या रंगात. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागली, तेव्हा काही कॉलेजांनी कोर्सचं बारसंच पुन्हा केलं. नवं नाव, जुना अभ्यास, सीईटी नाही. ‘‘म्हणून पोराला कोर्सचं नाव विचारू नका,’’ काका म्हणतात. ‘‘तिसऱ्या वर्षी विषय कोणते आणि ते शिकवणार कोण, ते विचारा.’’

ऑप्शन फॉर्म भरायची रात्र ही काकांची वारी. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, म्हणून काही बाप तीनशे भरतात. काका चिडतात. २०२५-२६ पासून नियम बदलला: पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तोच घ्यावा लागतो, दुसरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे सीट ‘फ्रीझ’, पुढच्या फेरीत ‘बेटरमेंट’ नाही. ‘‘तेव्हा वरची नावं लिहिताना हात थरथरला पाहिजे,’’ काका बजावतात.

काकू आतून म्हणतात, ‘‘मी पहिल्याच राउंडला फ्रीझ केलं. माझा नाही थरथरला, तिथंच चुकलं.’’

‘‘तेव्हा बेटरमेंट नव्हती,’’ काका शांतपणे म्हणतात आणि माउस सरकवतात.

अथर्वचं काय झालं? व्हायचं तेच. काकांनी करून दिलेला क्रम रात्री अकरानंतर घरी बदलला गेला. नंतर तोही सोडून दिरांच्या ओळखीच्या कॉलेजात कॅपबाहेरची, संस्था पातळीवरची जागा घेतली. संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची अर्धी फी मिळत नाही, ती कॅपमधून आलेल्यांनाच, हे काकांनी दोनदा सांगितलं होतं. एकदा कागदावर लिहूनही दिलं होतं. त्या कागदावर पुढे किराण्याची यादी झाली. दुसऱ्या वर्षी अथर्वच्या वर्गातले तिसरे सर सोडून गेले, तेव्हा वहिनी जिन्यात भेटल्या. ‘‘काका, तुम्ही सांगितलं होतं हो. पण जरा जोर देऊन सांगायला नको?’’

काकांनी मान डोलावली. ‘‘चुकलंच.’’

मला ते बघवेना. वर गेल्यावर म्हटलं, काका, तुमचा काय दोष? तुमचं तर त्यांनी ऐकलंच नाही.

‘‘अरे, चार वर्षांची फी आहे. पश्चात्ताप कुठंतरी टाकावाच लागतो. बाप आईला म्हणणार, तुझ्या दिरामुळे. आई म्हणणार, तुमच्याच भावामुळे. दोघं मिळून पोराला म्हणणार, तुझ्या मार्कांमुळे. त्यापेक्षा काकांमुळे झालं म्हणू दे. मी काय, वरच्या मजल्यावर राहतो.’’

एवढं समजून-उमजून खापरासाठी डोकं पुढे करणारा माणूस फी किती घेतो? काही नाही. आमरसाची वाटी मात्र धुऊन परत पाठवतो, आणि रिकामी नाही, त्यात साखरेची चिमूट असते.

त्याच वर्षी ए-विंगमधली एक मुलगी काकांचं ऐकून त्या लेथवाल्या सरांच्या कॉलेजात गेली होती. तिला तिसऱ्या वर्षीच रांजणगावच्या एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली, आणि पुढे तिथेच नोकरीचं पत्र. घरच्यांनी दगडूशेठला अकरा किलो पेढे वाहिले. सोसायटीत वाटायला एक छोटा बॉक्स आला. काकांच्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात अर्धा पेढा उरला होता.

काकू तडकल्या. ‘‘हे बरंय! पोरगं बुडालं की शिव्या आपल्या दारात, पोरगी तरली की पेढे दगडूशेठला.’’

काकांनी तो अर्धा पेढा तोंडात टाकला आणि यंदाच्या कटऑफची फाइल ओढली. ‘‘असू दे गं. कटऑफ विचारायला मात्र बाप्पाकडे कोणी जात नाही.’’