चौकस भाडेकरूस अनावृत पत्र

प्रति,
तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघून गेलेले गृहस्थ,
(नाव एजंटच्या वहीत आहे. वही सापडत नाही.)

विषय : घर भाड्याने घेण्यापूर्वी नको तितकी चौकशी केल्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

आपण आमची इमारत बघायला आलात, चहा घेतलात, इथवर ठीक. त्यानंतर आपण जे केलंत, त्याची सोसायटीच्या कमिटीने गंभीर दखल घेतली आहे. पत्राची प्रत नोटीसबोर्डावर लावली आहे, म्हणजे पुढच्यांना धडा मिळेल.

‘घाटकोपर स्टेशनपासून चालत ५ मिनिटं’ असं जाहिरातीत स्वच्छ छापलं होतं. फास्ट लोकल थांबते, २०१४ पासून मेट्रो आहे, आणखी माणसाला काय हवं? एजंटने आपल्याला रविवारी दुपारी बोलावलं, ते उगीच नाही. तरी आपण सोमवारी सकाळी साडेआठला पुन्हा आलात, घड्याळ लावून स्टेशनपर्यंत चालत गेलात आणि १४ मिनिटं लागली म्हणून एजंटला फोन केलात. रिक्षांची रांग, फेरीवाले आणि पुलावरची चेंगराचेंगरी आमच्या सात-बाऱ्यावर नाही. तिचा हिशेब आमच्याकडे मागू नये.

जिन्यात आपण जे केलंत ते तर कुणी पाहुणा करत नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्लॅबच्या खालच्या बाजूला आम्ही नुकताच पांढरा रंग लावला आहे. सगळ्या जिन्याला नाही, तेवढ्याच तुकड्याला. आपण तिथेच बोटाच्या पेराने ठोकून पाहिलंत. आवाज पोकळ आला. मग प्लास्टरचा एक पोपडा पडला, आतली लालभडक सळई दिसली आणि आपण आमच्या खजिनदारांना समजावू लागलात की, सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते, वरून रंग लावून ते थांबत नाही. खजिनदार तो पोपडा परत चिकटवायला फेविकॉल शोधत आहेत.

आपण याद्याही वाचून आला होतात. शहर भागातल्या उपकरप्राप्त इमारतींची यादी म्हाडाचं मंडळ काढतं, उपनगरातल्या धोकादायक इमारतींची महापालिका काढते, दोन्ही पावसाळ्याच्या तोंडावर येतात, हे सगळं आपल्याला तोंडपाठ. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून डागडुजी, सी-२बी म्हणजे माणसं आत असतानाच डागडुजी, सी-३ म्हणजे किरकोळ काम, ही बाराखडी आपण भर जिन्यात म्हणून दाखवलीत. आमची इमारत कुठल्याही यादीत नाही, हे आम्ही अभिमानाने सांगितलं. त्यावर आपण स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागितलात. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं ऑडिट मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे करावंच लागतं, म्हणालात. आमची इमारत १९७८ सालची. ऑडिट केलेलं नाही. जी परीक्षाच दिली नाही, तिच्यात नापास होण्याचा प्रश्न येतोच कुठे?

पुढे आपण तळमजल्यावरच्या दुकानाकडे वळलात. मधली भिंत कधी काढली, बरोबर खांबही गेला का, परवानगी होती का. वर २५ जुलै २०१७ ला याच घाटकोपरात कोसळलेल्या सिद्धी साई इमारतीचं नाव काढलंत. तिच्या तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं आणि १७ माणसं गेली, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण चहा पिताना असे विषय काढतात का? दुकानदार सोसायटीला वेळेवर पैसे भरतो. त्याला कोण विचारणार?

बिनवापर शुल्काबद्दलही आपण तोंड उघडलंत. फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे म्हणे. आम्ही २५ टक्के घेतो, मालक ते भाड्यात घालतात, आजवर कुणाचंही पोट दुखलं नाही.

करारावर तर कहर झाला. मालक म्हणाले, साध्या स्टॅम्पपेपरवर सही करू, घरचीच माणसं आहोत. आपण म्हणालात, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ बघा. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात, शिवाय ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकांचा रक्तदाब वाढला. एवढ्यावर न थांबता आपण नोटीसबोर्डावरचं सभेचं इतिवृत्त वाचलंत आणि पुनर्विकास कुठवर आला, असं विचारलंत. बिल्डरचं भाडं आणि नवं घर मालकाला मिळतं, लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला फक्त बिऱ्हाड हलवावं लागतं, तेव्हा मध्येच इमारत रिकामी करायची वेळ आली तर डिपॉझिट किती दिवसांत परत, ते करारात लिहा म्हणालात. असं लिहून द्यायला लागलो तर डिपॉझिट परत द्यावं लागेल.

महोदय, आजवर आलेल्या प्रत्येक भाडेकरूने स्टेशन किती लांब एवढंच विचारलं आणि टोकन देऊन तो मोकळा झाला. इमारत किती जुनी, हे विचारणारे आपण पहिलेच. अशाने जुन्या इमारती चालायच्या कशा?

कमिटीचा ठराव असा : आपल्याला फ्लॅट मिळणार नाही.

आपला विश्वासू,
मानद सचिव

ता. क. : फ्लॅट अजून रिकामा आहे. स्टेशन जवळ हवं आणि बाकी काही विचारायचं नाही, असं कुणी आपल्या ओळखीत असेल तर जरूर पाठवावं. मात्र मे महिन्यात पाठवावं. जूननंतर छत गळतं, मग तेही विचारू लागतात.